गरम बाजू

“आई, मक्या गरम बाजूला जातच नाहीये.”

रेवानं तिच्या नव्या सापाबद्दल हे मला चार दिवसांत चार वेळा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते आणि एका कानाला ऑफिसचा कॉल लावलेला होता. दुसऱ्यांदा गाडीत, शाळेच्या रांगेत. तिसऱ्यांदा कुठं ते आठवतही नाही, यावरूनच काय ते समजा. दर वेळी माझं उत्तर ठरलेलं, “जाईल गं. नवीन आहे तो. सवय होईल.” चौथ्या दिवशी जेवताना तिनं पुन्हा तेच काढलं आणि मी जरा चिडूनच म्हटलं, “काटा बघितलास ना? ७८ दाखवतोय. सगळं व्यवस्थित आहे.” त्यावर ती काही बोलली नाही. ताटातला भात एका बाजूला सारत राहिली.

त्या रात्री अकराच्या सुमारास सगळं आवरून झाल्यावर मी मक्याच्या काचपेटीतलं पाणी बदलायला गेले. गरम बाजूची बुचाच्या सालीची कमान जराशी कलंडली होती, ती सरळ करावी म्हणून हात आत घातला. बोटं भुशातून खाली काचेला टेकली आणि तव्यावरची भाकरी उलटताना बोट लागावं तसा चटका बसला. मी हात मागं घेतला, पुन्हा घातला, पुन्हा मागं घेतला. मग ऑफिसच्या बॅगेतून लेझरचं थर्मामीटर आणलं, भुसा बाजूला सारला आणि काचेच्या तळावर लाल ठिपका धरला. ११५ फॅरनहाइट. आपल्या हिशेबानं ४६. तिथं ८५ असायला हवं होतं, म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस. पेटीच्या दुसऱ्या टोकाला, थंड बाजूच्या गुहेच्या तोंडाशी, मक्याचं नाक तेवढं दिसत होतं. जीभ एकदा बाहेर आली, आत गेली.

मी २१ वर्षं हीटिंग-कूलिंगच्या कंट्रोल्समध्ये काम करतेय. आमच्या घराचा हप्ता थर्मोस्टॅटांनी फेडलाय.

खरं सांगायचं तर मला साप नकोच होता. मला पेटी मांडायची होती. रेवाला कुत्रा हवा होता, पण तिच्या बाबाला केसांची ॲलर्जी. मग तिच्या मैत्रिणीच्या घरी एक कॉर्न स्नेक बघून आली आणि वर्षभर तोच एक विषय. अकरा वर्षांच्या पोरीनं लायब्ररीतून पुस्तकं आणली, वही केली, वहीत तक्ते आखले. भारतात असते तर प्रश्नच नव्हता. आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असावाच. इथं ओहायोत मात्र कॉर्न स्नेक ठेवायला आडकाठी नाही आणि पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेली पिल्लं मिळतात. बिनविषारी, तसा शांत, पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट. आपल्या धामणीच्या कुळातलाच, पण अंगावर नारिंगी-तांबडे ठिपके आणि त्यांना काळी किनार. नावात मका का, तर कोणी म्हणतात मक्याच्या कणग्यांत उंदरांच्या मागावर सापडायचा म्हणून, कोणी म्हणतात पोट बघा. पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीत दाण्यांचं कणीस सोलून ठेवल्यासारख्या. रेवानं बघताक्षणी मक्या नाव ठेवलं. माझ्या दिराचं नाव मकरंद, आणि सासरी सगळे त्याला मक्याच म्हणतात. व्हिडिओ कॉलवर “मक्यानं आज उंदीर गिळला” हे वाक्य सासूबाईंना समजावून सांगताना माझी जी धांदल उडाली ती वेगळीच.

तर पेटी. दुकानात वीस गॅलनची स्वस्तात होती आणि मी तीच घेणार होते. बोटभर जाडीचंही नसलेलं पिल्लू, त्याला कशाला महाल? पण ज्या माणसाकडून पिल्लू घ्यायचं ठरलं होतं त्यानं मोडता घातला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो तसल्या एका प्रदर्शनात तो बसला होता, पांढऱ्या मिशा, जाड भिंगाचा चष्मा, टेबलावर श्रीखंडाच्या डब्यांसारखे पारदर्शक डबे आणि प्रत्येक डब्यात एक वेटोळं. मी त्याला वॅट विचारत होते, आर्द्रता विचारत होते. त्यानं मला एकच विचारलं, हा लपणार कुठं? मी म्हटलं, गुहा घेतलीय ना एक, गरम बाजूला ठेवणार. तो हसला. म्हणाला, दोन घ्या, अगदी एकसारख्या. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. सापाचं रक्त स्वतःहून तापत नाही, त्याला ऊब हवी असली की उबेकडं जावं लागतं, नको झाली की लांब. पण लपायला जागा एकाच टोकाला असली तर तो ऊब सोडेल, लपणं सोडणार नाही. गारठून बसेल, खाल्लेलं पचणार नाही, तरी बाहेर येणार नाही. म्हणून त्याला निवडायला लावू नका.

हे ऐकून मी चाळीस गॅलनची पेटी घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद. (मोठा झाला की चार फुटी लागणारच आहे. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.)

मग महिनाभर मी जी काही सुखात होते, विचारू नका. खिडकीपासून लांबचा कोपरा धरला, कारण ऊन थेट आलं की काचेची पेटी तासाभरात भट्टी होते. एका टोकाला तळाखालून चिकटवायची हीट मॅट, तिला थर्मोस्टॅट. गरम दगड म्हणून एक भयंकर वस्तू दुकानात मिळते, ती नाही घेतली, त्यावर बसून साप भाजतात. तळाला ॲस्पेनचा भुसा, म्हणजे रंधा मारल्यावर पडतात तसल्या कुरळ्या, हलक्या ढलप्या. देवदाराच्या ढलप्यांना वास किती छान, पण त्या तेलकट वासानंच सापाची छाती बिघडते. पाण्याचं जड भांडं, उलथणार नाही असं. कात टाकायच्या वेळी ओलावा लागतो म्हणून एका डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ. वरच्या जाळीला चार क्लिपा, कारण ही जात पळून जाण्यात पटाईत, डोकं मावलं की बाकीचं अंग मावतंच. मधल्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या वेली, अंड्यांचे ट्रे, टॉयलेट पेपरच्या नळ्या, कारण इवल्या जिवाला मोठं मैदान म्हणजे डोक्यावर सतत घार. तिन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद. हे सगळं झाल्यावर नवरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “बघायला आणतोय की लपवायला?” मी त्याला दोन गुहांचं तत्त्वज्ञान सांगितलं. ते सांगताना आपण किती शहाण्या आहोत असं मला वाटलं होतं, हेही नोंदवून ठेवते.

पेटी दहा दिवस रिकामीच चालवली. रोज सकाळ-संध्याकाळ तळाचं तापमान, हवेचं तापमान, ओलावा, सगळं एक्सेलमध्ये. दहा दिवसांत एक अंश हलला नाही.

याच दहा दिवसांत आई आली. शिराळ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाहून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून इकडं. काही महिन्यांसाठी. कोपऱ्यातली पेटी, आत मिणमिणता दिवा, वेली वगैरे बघून तिला आधी वाटलं देव्हारा मांडलाय. मग वाटलं मासे. मी सांगितल्यावर तिनं आवाज एकदम खाली आणला. “लांबडं?” दिवेलागणीनंतर आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत. माझी आई आजही पंचमीला विळीला हात लावत नाही, तवा चुलीवर ठेवत नाही, पुरणाची दिंडं उकडते आणि कोणाला अंगणात खुरपं मारू देत नाही. तिच्यासमोर मी फ्रीझर उघडून खोवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी ठेवलेली गोठवलेल्या उंदरांची पिशवी दाखवली. गुलाबी, केस न फुटलेली पिल्लं, चण्याच्या घाट्याएवढी. ती पिशवी त्याच संध्याकाळी गराजमधल्या छोट्या फ्रीझरमध्ये गेली, आणि नारळ फेकून द्यावा लागला.

आईनं त्या दिवसापासून खालच्या खोलीत बसणं जवळजवळ सोडलं. जेवायला यायची, जेवून वर. तिला दिलेली खोली गराजवर आहे. दुपारी मी विचारायची, “आई, खाली ये ना, इथं ऊबदार आहे.” तर वरूनच, “बरं हाय की गं इथंच.” मी मनात म्हटलं, सापाला भिते. सवय होईल.

शिराळ्याजवळच्या बाईनं सापाला भ्यावं याचं मला तेव्हाही थोडं नवल वाटायला हवं होतं. माझ्या लहानपणी पंचमीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे मामाच्या सोप्यात तुळईला टांगलेलं गाडगं. तोंडाला फडकं बांधलेलं, आत नाग. गोरक्षनाथांची गोष्ट आम्हाला बाराखडीच्या आधी यायची, मातीच्या नागाला पूजणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, जिवंत पूजशील का, आणि मग सगळ्या गावानं पूजला. आम्ही पोरं गाडग्याखालून जाताना उगीचच वाकायचो, ते डोक्याच्या हातभर वर असलं तरी. कोणाचा पाय जोरात वाजला की आतून आवाज यायचा, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ कोंडते तसा. मामा ओरडायचा. नागावर नाही, आमच्यावर. “त्येला निवांत ऱ्हाऊ द्या.” पंचमीला मिरवणूक, अंबाबाईचं देऊळ, कोणाचा नाग लांब, कोणाचा फडा रुंद, आणि ते झालं की मामा गाडगं सायकलला बांधून ज्या बांधावरून नाग धरला त्याच बांधावर सोडून यायचा. एकदा मला बरोबर नेलं होतं. फडकं सोडलं, गाडगं आडवं केलं. नाग लगेच बाहेर आला नाही. आम्ही किती वेळ उन्हात उभे होतो. मामा म्हणाला, “अंधारात बरं वाटतंय त्येला.” पुढं कोर्टाचा हुकूम आला, जिवंत नागाची पूजा थांबली आणि मामा शेवटपर्यंत सरकारवर रुसून राहिला. मला ती पूजा परत यावी असं वाटत नाही. नागाला त्या गोंगाटाचं, हाताळण्याचं, डोळ्यांत जाणाऱ्या हळदीकुंकवाचं काय होत असेल ते आता कळतं. पण मामानं नागाला काय दिलं होतं ते हातात कॉर्न स्नेकची गुहा धरल्यावर माझ्या लक्षात आलं. चांगली गुहा अरुंद हवी असते, वेटोळ्याला चहूबाजूंनी भिंत टेकली पाहिजे, आत काळोख आणि यायला-जायला एकच तोंड. मामाच्या गाडग्यात हे सगळं होतं. फक्त ते तोंड बांधलेलं होतं.

उलट बाजूची एक आठवणही सारखी येत होती. सातवीत असताना आमची सहल पुण्याला आली आणि कात्रजच्या सर्पोद्यानात नेलं. गुरुजींनी आधीच वातावरण तापवलेलं, हे उद्यान ज्यांनी उभं केलं ते नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास बसले होते, उगाच डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे दाखवायला. मला त्या वयात त्या शौर्यापेक्षा काचेचंच जास्त आकर्षण वाटलं. बाहेर माणसं, आत माणूस. त्याला सगळे बघतायत आणि त्याला झोपायला कोपरा नाही. घोणसीच्या काचेपाशी आम्ही चाळीस पोरं दाटीवाटीनं उभी, आणि आत नुसता पाला. कुठाय, कुठाय. एकानं काच वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मीही वाजवली. दिसत नाही म्हणजे आपले पैसे बुडाले असं काहीतरी वाटलं होतं.

परत त्या रात्रीकडं येते. चूक शोधायला मला तीन मिनिटंही लागली नाहीत, आणि हेच जास्त लागलं. थर्मोस्टॅटला एक तार असते, तिच्या टोकाला वाटाण्याएवढा सेन्सर. तो मी पेटीच्या आत, तळाच्या काचेवर टेपनं चिकटवला होता. दहा दिवस रिकाम्या पेटीत तो टेप नीट राहिला. मक्या आल्यावर मी गरम बाजूचं शेवाळ ओलं करायला लागले. टेपला ओल लागली, गोंद सुटला, सेन्सर भुशातून वर येऊन पाण्याच्या भांड्याला टेकून पडला. तिथं गार. सेन्सर बिचारा सांगत राहिला की गार आहे, गार आहे, आणि थर्मोस्टॅट इमानेइतबारे मॅट पेटवत राहिला, थांबायचं त्याला कारणच नव्हतं. आणि मी जो ७८चा काटा पोरीच्या तोंडावर फेकला तो काचेच्या वरच्या भागाला चिकटवलेला, हवेचं तापमान दाखवणारा होता. सापाचं पोट हवेत नसतं. ऑफिसात नवीन मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, सेन्सर जिथं बसवलाय तिथलंच सांगतो, तुम्हाला हवं तिथलं नाही. शिवाय सापाच्या पेटीत आतून टेप लावायचाच नसतो, चिकटला तर खवले सोलून निघतात. तेही त्या मिशीवाल्यानं सांगितलं होतं.

मॅटची वायर उपटली. मक्याला हातात घेऊन दिव्याखाली पोट बघितलं, चौकट न्‌ चौकट. भाजलं की खवले गुलाबी पडतात, फुगतात. काही नव्हतं. तो माझ्या अंगठ्याभोवती एक वेढा घालून, सुतळीसारखा, थंडगार, वाट बघत राहिला. माझ्या थर्मोस्टॅटनं त्याला भाजायचा पुरता बंदोबस्त केला होता. त्याला वाचवलं ते पलीकडच्या थंड टोकाच्या दुसऱ्या गुहेनं, जी मी घेणारच नव्हते.

मग मी रेवाची वही उघडली. उघडायला नको होती. तिनं रोजच्या रोज तक्ता भरला होता. सोमवार, सकाळ: थंड बाजू. सोमवार, रात्र: थंड बाजू. मंगळवार: थंड बाजू, थंड बाजू. बुधवारच्या रकान्याशेजारी बारीक अक्षरात, “आईला सांगितलं.” गुरुवारी पुन्हा, “आईला सांगितलं.”

हातात ते लेझरचं पिस्तूल तसंच होतं. वर जाताना मी आईच्या खोलीच्या दाराशी थांबले. का थांबले कोणास ठाऊक, रोज थांबत नाही. दाराखालून गार झुळूक पायाला लागली. गराजवरच्या खोल्या गार असतात हे मला कोणी सांगायला हवं होतं? खाली तापवलेलं घर नाही, कडाक्याच्या थंडीतली गराज असते, गरम हवेची नळी लांबून येते, येईतो निम्मी निवते. दुसऱ्यांच्या घरांत हेच दुरुस्त करायचे आम्ही पैसे घेतो. दार हळूच ढकललं. आई जागीच होती. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला स्कार्फ, मांडीवर पांघरूण, भिंतीला टेकून बसलेली. मी भिंतीवर लाल ठिपका धरला. ६१. म्हणजे १६.

“काय बघतीस गं?”

“तापमान.”

“मग किती हाय?”

“सोळा. आई, तू खाली का येत नाहीस? तो काचेत असतो. चार क्लिपा आहेत.”

“कोण?” तिला खरोखरच कळलं नाही. मग कळलं आणि हसली. “त्येला कशाला भिऊ? तुझ्या मामाच्या गाडग्याखाली आठ वर्षं झोपलेय मी.” थोडा वेळ काही बोलली नाही. “खाली बसलं की सगळी इचारत्यात गं. आई चहा करू का. आई टीव्ही लावू का. आई काय झालं, गप का. जावई फोनवर बोलत असत्यात, त्ये पण आवाज बारीक करत्यात. मला नुसतं बसायचं असतंय.”

आमचं खालचं घर म्हणजे एकच लांबरुंद खोली. स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, सोफा, शेकोटी, सगळं एकमेकांसमोर. घर घेताना आम्हाला तेच आवडलं होतं. भिंत नाही, आडोसा नाही, कुठूनही सगळे दिसतात.

मी तिच्याशेजारी बसले. पाय पांघरुणात घेतले. तिचे तळवे बर्फासारखे होते. ती काही बोलली नाही आणि मीही, या खेपेला, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन कामं केली. मक्याचा सेन्सर बाहेरच्या बाजूनं, मॅट आणि काच यांच्यामध्ये दाबून बसवला, आता तो सुटायचा म्हटलं तरी सुटत नाही. आत तळावर आकडा दाखवणारं दुसरं थर्मामीटर, टेपशिवाय. आणि आईच्या खोलीत तेल भरलेला विजेचा हीटर आणून ठेवला. तिला खाली ये म्हणायचं बंद केलं. रेवाला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “इट्स ओके.” हे ‘इट्स ओके’ ज्या सुरात म्हणतात तो आयांना माहीत असतो.

मक्या मात्र गरम बाजूला जाईना. तळ बरोबर ८५, तरी नाही. एकदा पोळलं की साप लक्षात ठेवतो की नाही मला ठाऊक असायचं कारण नाही, पण ती कमान त्यानं टाकली ती टाकलीच. दर सहा दिवसांनी कोमट पाण्यात वितळवलेलं पिल्लू चिमट्यानं समोर धरायचं, तो ते झडपायचा आणि पुन्हा थंड टोकाला जाऊन बसायचा. पोट भरल्यावर ऊब हवी, नाहीतर पचत नाही, कधी उलटूनही पडतं. आम्ही श्वास रोखून दोन दोन दिवस बघायचो. डिसेंबरात त्याचे डोळे दुधाळ झाले. आई जेवणानंतर सहज पेटीपाशी वाकली होती, म्हणाली, “ह्येला मोतीबिंदू झालाय की.” रेवानं तिला मोठ्या ऐटीत समजावलं की आजी, तो कात टाकणार आहे, डोळ्यांवरचीसुद्धा निघते. चष्म्यासारखी? चष्म्यासारखी. आठवड्याभरानं सकाळी ती भुशावर पडलेली मिळाली, अखंड, डोळ्यांच्या दोन टिकल्यांसकट, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. आईनं ती दोन्ही हातांत घेतली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, हळदकुंकू वाहिलं. रेवानं शाळेत दाखवायला मागितली तर मिळाली नाही.

त्यानंतर आई पेटीपाशी जरा जास्त रेंगाळायला लागली. एकदा म्हणाली, “ह्येला कधी सोडायचं?”

“सोडायचं नाही, आई. हा पिंजऱ्यातच जन्मलाय. बाहेर बर्फ आहे, एका रात्रीत मरेल.”

“मग उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यातही नाही. हा इथला नाहीच.”

“किती वर्षं जगतंय?”

पंधरा, वीस. नीट ठेवला तर जास्तही. रेवा सात वर्षांनी कॉलेजला जाईल आणि हा माझ्याकडं राहील, हे गणित मी तेव्हा पहिल्यांदा केलं. आईनं नुसतं “बाई गं” म्हटलं. माझ्याबद्दल की त्याच्याबद्दल, ते मी विचारलं नाही. मामा पंधरा दिवस ठेवायचा आणि तेवढ्यासाठी आज मी त्याला नावं ठेवते. वीस वर्षांचं काय म्हणायचं याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तीन फूट, चार फूट, दोन गुहा, ८५ अंश, हे सगळं बरोबर करता येतं. तो प्रश्न तरीही तसाच राहतो.

संक्रांतीला देशी दुकानातून सुगडं आणली होती. पूजा झाल्यावर आईनं त्यातलं एक घासून, धुऊन, उन्हात नाही तर हीटरवर वाळवलं आणि खाली घेऊन आली. “त्येला ह्ये दे. ते लाकडाचं त्येला आवडंना.” मी आधी नाही म्हणणार होते. मग हातात घेऊन बघितलं. कड गुळगुळीत, आत काळोख, पिल्लाच्या वेटोळ्याला नेमकं बेतानं. कमान काढून टाकली आणि गरम टोकाला सुगड आडवं ठेवलं, तोंड पेटीच्या आतल्या बाजूला, उघडं. तिसऱ्या दिवशीच्या रकान्यात रेवानं मोठ्या अक्षरात लिहिलं, गरम बाजू, आणि शेजारी सुगडाचं चित्र काढलं, त्यातून बाहेर आलेली दुभंगलेली जीभ.

फेब्रुवारीत, आई जायच्या आदल्या आठवड्यात, रात्री दीड-दोनला मला तहान लागली म्हणून उठले. जिना उतरता उतरता खाली कोणीतरी आहेसं वाटलं. दिवे सगळे बंद. शेकोटी मंद ठेवलेली, तिची तांबूस धग नुसती फरशीवर. तिच्यासमोर, सोफ्यावर नाही, जमिनीवर, आई पाय पसरून बसली होती. स्कार्फ नव्हता, शाल बाजूला. काही करत नव्हती. मागच्या पेटीत भुसा खसखसला, रात्री हा फिरतोच, आणि काचेपलीकडं एक बारीक रेघ वेलीवरून वर सरकताना दिसली. आईनं मान वळवली नाही.

मी तिसऱ्या पायरीवर होते. दिवा लावला नाही. तशीच मागं वळून, पाय न वाजवता, वर गेले.